खंडेनवमीला बंद केलेलं यंत्र

ओरोसच्या एका कचेरीत मी तेव्हा कंत्राटावर संगणकाचं काम पाहायचो. पाचही खिडक्यांवरचे दाखले कोपऱ्यातल्या एकाच लिनक्स सर्व्हरमधून निघत. त्यावर दाखले काढणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे सेवेला, एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील याला मर्यादा असते. आमची होती एक हजार चोवीस. जूनमध्ये शाळा-कॉलेजांची गर्दी झाली, मर्यादा भरली आणि सेवा अडकली. मी हाताने आकडा आठ हजार केला, सेवा पुन्हा चालू केली. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

हाताने दिलेला आकडा यंत्र चालू असेपर्यंतच टिकतो. कायमचा करायचा तर सेवा सुरू करणाऱ्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. एकच. ती उद्या लिहू म्हटलं. माझा आळस असा की चार महिने तो उद्या काही उजाडला नाही.

खंडेनवमीला आम्ही कचेरीतल्या यंत्रांची पूजा करायचो. मी झेंडूची माळ घेऊन सर्व्हरपाशी गेलो, तर आमचे एक म्हातारे शिपाई ओरडले, "चालत्या यंत्राक हळद-कुंकू लावूचा नाय! आज हत्यारांका विश्रांती. बंद करा तां." मी बंद केलं. पूजा झाली, चालू केलं, पेढा खाल्ला. ती ओळ माझ्या डोक्यातही आली नाही.

दसऱ्यानंतर कचेरी उघडली तो एका भरतीचा शेवटचा दिवस होता. अकराच्या सुमारास पाचही खिडक्या थिजल्या. रांगेत पुढे शिरोड्याची एक बाई होती, घरची मासळी विकणारी. आरोग्यसेविकेच्या जागेचा अर्ज कुडाळात द्यायचा होता, त्यासाठी तिला दाखला हवा होता.

"दादा, पाचच्या आत माका कुडाळाक पोचाक व्हया," ती म्हणाली. "पुढच्या म्हयन्यात माजा वय बसणा नाय."

"जरा थांब गो बाय," म्हणत मी केबली उपसत बसलो. नंतर टेलिफोनवाल्यांशी भांडलो. जेवलो नाही. दोष दुसऱ्याचाच असणार याची मला भारी खात्री! साडेचार वाजून गेल्यावर, यंत्र आपल्या चुका टिपून ठेवतं ती नोंद उघडली. प्रत्येक ओळीत तेच: उघड्या फाइली फार झाल्या. पूजेला यंत्र बंद केलं तेव्हाच आकडा पुन्हा एक हजार चोवीसवर आला होता. दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिचा दाखला पावणेपाचला निघाला. ती स्टँडकडे अक्षरशः पळत गेली. दुसऱ्या दिवशी शिपायांकडून कळलं, ती पोचली तेव्हा तिथली खिडकी बंद झाली होती.

आदल्या संध्याकाळीच मी ती ओळ लिहिली होती. कोणाला काही बोललो नाही. साहेब म्हणाले, "यंत्रच ते, बिघडायचंच." मी मान डोलावली. आजही त्या मानेची लाज वाटते.

वर्षभराने शिरोड्याच्या बाजारात तिनेच मला ओळखलं. मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर ती शेजारणीला सांगू लागली, "ह्ये दादा त्या दिवशी माज्यासाठी जेवलेत सुद्धा नाय गो. मशीनीक कोण काय करतलो? माजा नशीबच तसा."

आणि माझ्या पिशवीत तिने चार बांगडे जास्त टाकले. मी ते घेतले.