तिसरा निकाल

मार्चमधल्या एका बुधवारी माझी बायको मीनल ऑफिसमधून परत येताना सिंगापुरातल्या बिशान मेट्रो स्टेशनवर कोसळली. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ती वारली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिला टीव्हीवर पाहिलं.

या ग्रुपवरचे अनुभव मी काही वर्षं वाचतो आहे, लिहिलं मात्र कधी नाही. खरं सांगायचं तर वाचताना मनात थोडी तुच्छताच असायची. माझं काम ऑडिटचं. जे तपासता येतं तेवढंच खरं, ही सवय अंगात मुरलेली. आमच्या घरात देव होते, भुतंखेतं नव्हती. मीनल तर माझ्याहून कडक – अमावास्येला घरावरून नारळ ओवाळून टाकणाऱ्या मैत्रिणीची ती तोंडावर थट्टा करायची. त्यामुळे जे घडलं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. क्रमाने सांगतो, एवढंच.

एका मराठी चॅनलवर गाण्याची स्पर्धा असते. त्या वर्षीचा सीझन परदेशातल्या मराठी माणसांचा होता, आणि त्याचं शूटिंग इथे सिंगापुरातच, एका औद्योगिक इमारतीतला मजला भाड्याने घेऊन चाललं होतं. मीनल चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरी करायची. लग्नाआधी ती बरीच वर्षं गाणं शिकली होती. नंतर मंडळाच्या गणपतीत दोन गाणी, एवढंच उरलं होतं. तिची निवड झाली तेव्हा आमची दहा वर्षांची रुही घरभर नाचली.

शूटिंग कसं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तीन रविवारचे भाग एकाच शनिवारी होतात. स्पर्धकांनी तीन जोड कपडे आणायचे. मी मीनलच्या साड्यांची पिशवी घेऊन कॅमेऱ्यांच्या मागे उभा होतो. एक परीक्षक तिला म्हणाले, "गेल्या आठवड्यात तुम्ही मला रडवलं होतंत." तो गेला आठवडा जेवणाच्या सुट्टीआधी संपला होता. रडताना परीक्षक टिश्यू पापणीखाली नुसता टेकवतात, पुसत नाहीत, नाहीतर काजळ पसरतं.

आणि निकाल. कोण राहणार, कोण जाणार हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं, पण मतं येतात भाग दाखवल्यावर. म्हणून प्रत्येक स्पर्धकाचे दोन्ही निकाल आधीच शूट करून ठेवतात – एकदा 'सेफ', एकदा 'निरोप'. मग लागेल तो दाखवायचा. तिसऱ्या भागात मीनल निळ्या इरकलीत होती. 'सेफ'च्या वेळी तिने हात जोडले, हसली, आणि शेजारी उभ्या असलेल्या जयंतने तिच्या खांद्यावर थोपटलं. जयंत हाही स्पर्धकच, जहाजांवरचा इंजिनियर, आमच्या ओळखीचा. 'निरोपा'च्या वेळी तिने वाकून स्टेजला हात लावला आणि आपल्या गुरूंचं नाव घेतलं. हे दोन्ही मी समोर उभं राहून पाहिलं. तिसरं काही झालं नाही.

परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "श्रीकांत, आज तीनदा वाचले आणि तीनदा हरले. आता घरी गेल्यावर कुकर तू लाव."

त्यानंतरचा बुधवार वर लिहिलाच आहे.

मी चॅनलला फोन केला की तिचे भाग दाखवू नका. तिकडची तन्वी नावाची मुलगी सगळ्या स्पर्धकांचं बघायची. ती म्हणाली, "सर, तुम्ही ट्रिब्यूट म्हणून बघा ना. आणि ॲग्रीमेंटमध्ये तसं आहेच." रविवारी पडद्यावर मीनलचा फोटो आला, त्याच्यापुढे एक खोटी समई, आणि समईच्या खाली मत कसं द्यायचं त्याची पट्टी. परीक्षकांचे चेहरे नव्याने शूट केले होते. टिश्यू पुन्हा पापणीखाली टेकवलेला. लगेच मसाल्याची जाहिरात. मी उठून बेसिनपाशी गेलो.

रुही उठली नाही. ती टीव्हीच्या इतक्या जवळ बसली होती की तिच्या चेहऱ्यावर आईच्या साडीचा रंग पडला होता.

माझी खरी अडचण तिथून सुरू झाली. रुही शाळेत सांगायला लागली की माझी आई शूटिंगमध्ये बिझी आहे. तिच्या टीचरने मला बोलावून घेतलं. घरी येऊन मी रुहीला जवळ बसवलं.

"रुही, आई आता नाहीये. तुला माहीत आहे ना?"

"देन हू इज दॅट, ऑन संडे?"

"ते रेकॉर्डिंग आहे गं. आधी केलेलं."

"सो? आजीचा व्हिडिओ कॉल पण तसाच दिसतो. यू डोन्ट नो एव्हरीथिंग, बाबा."

 अग्नी मी दिला होता. रुहीला आम्ही तिथे नेलं नव्हतं.

दुसरा भाग झाल्यावर तन्वी घरी आली. पाइनॅपल टार्टचा डबा घेऊन आली होती. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी तो डबा बघितला आणि न बोलता बाजूला ठेवला. तन्वी म्हणाली, "सर, मॅम फायनलमध्ये आहेत."

"पुढचा भाग अजून दाखवलाच नाही तुम्ही."

"म्हणजे... असणार आहेत. लोकांचं इतकं प्रेम आहे ना."

म्हणजे गेलेल्या बाईला त्यांनी अंतिम फेरीत नेऊन ठेवलं होतं. मग तन्वीने योजना सांगितली. हार्बरफ्रंटजवळच्या एका हॉलमध्ये फायनल. मागच्या मोठ्या पडद्यावर मीनल मुखडा आणि पहिला अंतरा गाणार, मग उजेड रुहीवर, आणि दुसरा अंतरा रुहीने गायचा.

"आणि सर, ती निळी साडी द्याल का? कॉस्च्युमवाले तिचा रुहीसाठी परकर-पोलका शिवतील. इतकं ऑर्गॅनिक दिसेल."

"साडी कापणार?"

"थोडीशीच, सर. काठ ठेवू."

मी नाही म्हणालो. आवाज चढवला नाही. मला तो चढवता येत नाही. तन्वीने मान हलवली आणि माझ्याकडे न बघता रुहीकडे वळली. "बेबी, आई स्टेजवर तुझ्या मागे असणार. एवढी मोठी. तू आलीस तरच तिचं गाणं पूर्ण होईल ना?" टीव्हीत काम करणाऱ्यांना कुणाशी बोलायचं ते नेमकं कळतं. त्या वाक्याची घाण माझ्या कानातून आजही गेलेली नाही.

त्या दिवसापासून रुहीचं एकच. "आय मस्ट गो, बाबा. मी नाही गेले तर आई एकटीच उभी राहील. तिला लाइन्स संपल्यावर काय करायचं कळणार नाही."

"फायनल झाल्यावर काय, रुही?" मी विचारलं.

"मग नेक्स्ट सीझन लाह," ती इथल्या मुलांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सासूबाई पहिल्यांदा तन्वीवर चिडल्या होत्या, पण नातीचं जेवण सुटल्यावर त्या वितळल्या. ताट समोर घेऊन म्हणाल्या, "श्रीकांत, एवढंच मागतेय पोर. जाऊ दे की. माझ्या मुलीचं गाणं तिच्या मुलीने पुरं केलं तर बिघडलं कुठे?"

"आई, ती त्या पडद्यालाच आई समजून बसेल."

"समजू दे वर्षभर. दहा वर्षांच्या मुलीला दुसरं काय देणार आहेस तू?"

मी ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं. सासूबाईंनी इरकल कपाटातून काढून खुर्चीवर ठेवली. सोमवारी तन्वी ती न्यायला येणार होती.

रविवारी संध्याकाळी तिसरा भाग लागला. बाहेर लख्ख उजेड होता, खालच्या मैदानातून बास्केटबॉलचा आवाज येत होता. मी जेवणाच्या टेबलाशी, सासूबाई सोफ्यावर, रुही तिच्या नेहमीच्या जागी टीव्हीपुढे. मीनलचं गाणं झालं. पुष्कळ व्हायोलिनं झाली. मग स्पर्धक ओळीने उभे राहिले, दिवे मंद झाले, सूत्रसंचालकाने उगाच लांबवत लांबवत तिचं नाव घेतलं आणि म्हणाला, "सेफ."

टाळ्या. मला माहीत होतं आता काय येणार – हात जोडणं, हसणं, जयंतचं थोपटणं.

तिने हात जोडले नाहीत. ती उभी राहिली. साडी तीच, पण गालाशी लावलेला माइक नव्हता. केस कार्यक्रमात मोकळे सोडलेले होते, ते आता मागे आवळून बांधलेले, घरी स्वयंपाक करताना बांधायची तसे. जयंतने हात उचलला आणि जिथे तिचा खांदा असायला हवा होता तिथे हवेत थोपटलं. ती एक पाऊल पुढे आली होती. बाकीचे तिच्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होते. आणि ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली –

"ठमे, तू नाही जायचंस तिथे. मी तिथे नाहीये."

हे ती रागावून म्हणाली नाही. मुलीला दप्तर भरायला सांगावं तशा आवाजात म्हणाली. मग पदर खोचला, आणि चौकटीच्या कडेने बाहेर गेली. पडद्यावर टाळ्या चालूच होत्या. मग मसाल्याची जाहिरात.

'ठमे' हे आमच्या घरातलं नाव. लोकांसमोर मीनलने ते कधी उच्चारलं नाही, रुहीला लाज वाटायची म्हणून. शूटिंगमध्ये ती नेहमी 'माझी मुलगी रुही' असंच म्हणाली होती.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई. त्यांना काही विचारलं नव्हतं. "नाही जायचं म्हणाली," त्या म्हणाल्या. "तिथे नाहीये म्हणाली."  त्यांनी खुर्चीवरची इरकल उचलली आणि छातीशी धरली.

रुही वळली. माझ्याकडे बघत तिने मराठीत विचारलं, "मग कुठे आहे?"

मला जे खरं माहीत होतं ते मी सांगितलं. बुधवारचं, हॉस्पिटलचं, विद्युतदाहिनीचं, अस्थी कुठल्या समुद्रात सोडल्या त्याचं. आधी सांगायला हवं होतं ते सगळं, क्रमाने. ती आईच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा रडली. बराच वेळ रडली. मग वरण-भात जेवली.

मी तपास केला, अर्थात. तोच भाग चॅनलच्या ॲपवर लावला. मीनल हात जोडते, हसते, जयंत थोपटतो, तो तिच्याच खांद्यावर. माइक आहे. केस मोकळे आहेत. मी तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की शेवटी किळस आली. जयंतला फोन केला.

"अरे, आम्ही सगळ्यांनी बसून पाहिलं," तो म्हणाला. "हसली ती. नेहमीसारखी. का रे?"

"शूटिंगला तिसरं काही घेतलं होतं का? मी पाणी आणायला वगैरे गेलो असेन तेव्हा?"

"दोनच घेतात. तू तिथेच तर होतास."

त्याने माझ्यासाठी एडिटिंग करणाऱ्या मुलालाही विचारलं. दोनच.

तिघांना एकाच वेळी भास होऊ शकतो का, हे मी वाचून पाहिलं. होऊ शकतो म्हणतात, दुःखात. पण सासूबाईंना रुहीला पाठवायचं होतं. रुहीला जायचं होतं. भास माणसाला हवं तेच दाखवतो अशी माझी समजूत होती. नको म्हणणारा त्या खोलीत मी एकटा होतो, आणि तिच्या तोंडचे शब्द मला कधी सुचले नसते. 'मी तिथे नाहीये' – ते सांगायला ती तिथेच आली होती. हे मला उलगडत नाही.

सोमवारी तन्वीचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी उचलला. नाही म्हणताना त्या भाबडेपणाने सगळं सांगून बसल्या. थोड्या वेळाने मला फोन.

"सर, अंगावर काटा आला. मी वरती बोलले. चॅनलला हे फार आवडलंय."

"काय आवडलंय?"

"मॅमचं दर्शन. तुम्ही तिघं सोफ्यावर बसून सांगायचं, बस. आम्ही रिक्रिएट करू. मॅमचा क्लोजअप आहेच आपल्याकडे, ओठ फक्त..."

"तन्वी," मी म्हणालो, "तुझी आई आहे ना?"

"हो सर. का?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी फोन ठेवला. माझा नंबर त्यांच्याकडे कुठे कुठे होता ते नंतर कळलं. आठवडाभर वेगवेगळी माणसं त्याच गोड आवाजात तेच विचारत राहिली.

फायनल झाली. आम्ही बघितली नाही. जयंतने सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. त्यांनी दुसरी एक मुलगी उभी केली होती. रुहीच्याच वयाची, तशाच निळ्या रंगाचा परकर-पोलका. मागे पडद्यावर मीनल गायली, मग ती मुलगी गायली, आणि मोठ्या पडद्याकडे हात पसरून 'आई' म्हणाली. तिची स्वतःची आई पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर शूट करत होती. हॉलमध्ये सगळे रडले, असं जयंत म्हणाला. तोही रडला, हे सांगताना त्याला लाज वाटत होती. त्याला तिसरा क्रमांक मिळाला, तो घ्यायला तो स्टेजवर गेला नाही.

जे आम्ही पाहिलं ते कुठून आलं, कुणी पाठवलं, एकाच घरातल्या एकाच टीव्हीवर का आलं – मला माहीत नाही. कुणाला काही पटणारं सुचत असेल तर लिहा, मी वाचेन. फक्त तो व्हिडिओ मागू नका. तो नाही, आणि असता तरी दिला नसता.

सासूबाई पुण्याला परत गेल्या आहेत. घरात रुही आणि मी असतो. ती सध्या गात नाही, मी विचारतही नाही. शाळेत कुणी चौकशी केली तर ती सांगते की माझी आई वारली.