स्पीडब्रेकरवरची शीतल

वसमतच्या भर रस्त्यात मी एकदा लोकांचा मार खाता खाता वाचलो, आणि मला वाचवण्यासाठी एका इज्जतदार माणसाला आपली सगळी इज्जत स्पीडब्रेकरवर उतरवून ठेवावी लागली.

अकरावीची परीक्षा संपली होती. घरच्यांनी मला बारावीच्या उन्हाळी बॅचला घातलं होतं. केमिस्ट्रीचा क्लास, वेळ दुपारची (ही वेळ ज्या सरांनी ठरवली, त्यांना एकतर ऊन लागत नसावं किंवा विद्यार्थी आवडत नसावेत!). क्लासच्या अलीकडेच लिंबाच्या झाडाखाली पिराजीमामांची रसवंती होती. मी आणि बाल्या रोज क्लासला निघायचो आणि रोज रसवंतीपर्यंत पोचायचो.

बाल्या म्हणजे बालाजी. पहिलीपासूनचा मित्र. त्याच्यात एकच खोट होती. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्याला बोलता येत नसे. दुबईची वेळ विचारा, म्हशीचं वय विचारा, बाल्याकडं उत्तर तयार! खरं उत्तर कुणाकडंही मिळतं. बाल्याकडं ताबडतोब मिळायचं.

त्या उन्हाळ्यात रसवंतीसमोरच्या स्पीडब्रेकरवरून रोज दुपारी एक आकाशी रंगाची स्कूटी जाऊ लागली. स्कूटीवर एक मुलगी. आता मुलगी म्हणजे काय, तर फुलाफुलांचा गुलाबी स्कार्फ, त्यावर मोठा काळा गॉगल, अंगात गुडघ्यापर्यंतचा पांढरा सनकोट आणि हातात मोजे. आत कोण आहे हे देवालाही दिसलं नसतं. पण मी सोळा वर्षांचा होतो. मला दिसलं!

कारण ती बघायची. स्पीडब्रेकर आला की स्कूटी हळू व्हायची, गॉगल सावकाश माझ्याकडं वळायचा, आणि स्कूटी पुढं गेली तरी मान मागंच राहायची. एकदा तर ती समोरच्या हातगाडीवर आदळता आदळता राहिली. माझ्यासाठी आजवर कुणी एवढी जोखीम घेतली नव्हती.

“बाल्या, कोण रे ती?”

आता इथं बाल्यानं “माहीत न्हाई” म्हणायला हवं होतं.

“ती? ती आपली शीतल,” बाल्या रसाचा घोट घेत म्हणाला. “माझी आत्येबहीण. कनेरगाव नाक्याची. इथं कॉलेजला येऊन राहिली.”

“खरंच?”

“मंग! परवाच इचारत व्हती, तो निळ्या शर्टातला पोरगा कोण म्हून.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज निळा शर्ट घालू लागलो. माझ्याकडं निळा शर्ट एकच होता. आई तो संध्याकाळी धुवायची, सकाळी मी इस्त्री करायचो. पोरगं एकदम नीटनेटकं कसं राहायला लागलं म्हणून आई आधी खूश झाली आणि मग काळजीत पडली.

बाल्या रोज नवा निरोप आणायचा. शीतल म्हणते, तू मनानं चांगला आहेस. शीतल म्हणते, तू कुणाची टिंगल करत नाहीस. शीतल म्हणते, तुझ्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं. बदल्यात बाल्याचा रस माझ्याकडं लागला. त्यात माझी हरकत नव्हती. आत्येबहिणीचा भाऊ म्हणजे घरचाच माणूस.

एके दिवशी मी धीर करून तिला हात केला. तर तिनंही केला! म्हणजे हँडल सोडून हात वर उचलला आणि पंजा उघडून दोनदा हलवला. पाठोपाठ जोरात हॉर्न वाजवला. मी खुळ्यासारखा हसत उभा राहिलो. बाल्या म्हणाला, “बघ, लाजती बिचारी.”

“पण पायात जेंट्स चप्पल काहून घालती रे ती?”

“साधी राहणी,” बाल्या म्हणाला. मला ती आणखीच आवडली.

इकडं घरी वेगळंच चाललं होतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, हळदीच्या दुकानात कामाला. हळद पॉलिश करायच्या मशीनवर त्यांची देखरेख. अंगानं काडी, पण आवाज असा की हमाल पोतं खांद्यावर घेऊन आहे तिथं थांबायचे. आणि मिशा! मिशांमुळं मोंढ्यात, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारात, त्यांना मान होता. हे आप्पा अलीकडं रोज जेवताना मला एकच प्रश्न विचारू लागले.

“क्लास झाला का आज?”

“झाला की आप्पा.”

“बराबर झाला?”

“व्हय.”

“काय शिकवलं?”

“ॲसिड.”

आप्पा माझ्याकडं नुसतं बघायचे. तोंड उघडायचे, काहीतरी जिभेवर यायचं, मग ते भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबून गप्प बसायचे. एवढ्या रागात आणि एवढ्या शांतपणे भाकरी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आईनं विचारलं, “काय होऊन राहिलं तुमाला?” तर म्हणाले, “उन्हाचं पित्त उठलंय.” ते खरंही होतं. ऊन आणि हळदीची धूळ दोन्ही बाधून त्यांच्या तोंडावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी तोंड झाकून फिरायला सांगितलं होतं. पण मिशा झाकून फिरणारे आप्पा कुणी कल्पनेतही पाहिले नसते.

शेवटी मी ठरवलं. निरोपांवर किती दिवस काढायचे? आपण स्वतः बोलायचं.

“बाल्या, उद्या मी तिला थांबवतो.”

बाल्यानं घाईघाईनं रसाचा घोट घेतला. “उद्या नको. तिला बरं न्हाई.”

“आत्ताच तर गेली की इथून.”

“आतून बरं न्हाई.”

“मंग परवा.”

“परवा ती गावाकडं चालली. अन् सुम्या, तिचा बाप लई कडक हाय. तू नादच सोड.”

इतके दिवस निरोप आणणारा हा माणूस आता नाद सोड म्हणतो? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला (चुकीचा).

“बाल्या, तुलाच आवडती ना ती?”

“आत्येबहीण हाय माझी!”

“म्हणूनच! आत्याची पोरगी, तुमच्यात चालतं! म्हून मला अडवून राहिला तू!”

“सुम्या, तसं न्हाई रे...”

“मंग कसं हाय ते सांग.”

आयुष्यात पहिल्यांदा बाल्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याचा अर्थ मला सोयीचा लावला. “आजपासून तुझी माझी दोस्ती खतम,” असं म्हणून मी निघालो. रसवंतीच्या कोपऱ्यावर एकदा मागं वळून पाहिलं. तो तसाच उभा होता, हातात ग्लास घेऊन. मला वाईट वाटलं. पण प्रेमात त्याग करावा लागतो असं मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि त्यागायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच रसवंतीवर हजर झालो. निळा शर्ट, केसांना पाणी. फूल द्यावं तर ते उन्हात पार सुकून गेलं असतं. म्हणून पिराजीमामांना एक स्पेशल रस मागितला. आलं, लिंबू, बर्फ जास्त.

आकाशी स्कूटी आली. स्पीडब्रेकरवर हळू झाली. मी झेप घेऊन समोर उभा राहिलो, एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं ग्लास पुढं केला.

“शीतल,” मी म्हणालो, “ऊन लई हाय. रस घे ना.”

काळा गॉगल माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या दोन्ही काचांत मला दिसत होतो, बरा दिसत होतो. मग स्कार्फच्या आतून आवाज आला.

“कोण शीतल?”

तो आवाज ऐकून माझ्या हातातला ग्लास सनकोटावर रिकामा झाला. जन्मल्यापासून त्याच आवाजानं मला रोज सकाळी उठवलं होतं.

“आ... आप्पा?”

“हळू बोल! अन् गाडी सोड!” आप्पा स्कार्फमधून कुजबुजले.

मला सोडायची होती हो! पण माझी बोटं हँडलवर अशी आवळली होती की मेंदूचं ऐकेनात. आप्पा हँडल ओढू लागले, मी धरूनच. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? निळ्या शर्टातलं एक टवाळ पोरगं भर दुपारी एका बाईची गाडी अडवून झोंबाझोंबी करतंय! बघता बघता माणसं धावली.

“क्या हुआ दीदी? छेड रहा क्या ये?”

“ताई, तुमी घाबरू नका. बोला, तकलीफ देऊन राहिला का हा?”

ताई काय बोलणार? ताईंनी नुसती मान हलवली. नाही, नाही.

“बघा, बिचारी थरथर कापून राहिली! तोंडातून शब्द फुटंना तिच्या!”

ताई रागानं थरथरत होत्या. कुणीतरी माझी कॉलर धरली. दुसऱ्यानं बाह्या मागं सारल्या. आप्पा एकदा माझ्याकडं बघत, एकदा गर्दीकडं. गर्दीत मोंढ्यातले दोन हमालही होते. माझा बाप त्या क्षणी पोरगं आणि मिशा यांच्यात निवड करत होता, आणि निर्णय पटकन होत नव्हता हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात गर्दी फोडून बाल्या आत घुसला. धापा टाकत, घामानं निथळत. (तो तिथं कसा? मागाहून कळलं, मी काहीतरी घोळ घालणार म्हणून तो सकाळपासून रस्त्यापलीकडच्या झाडामागं बसून होता.)

“सोडा त्याला!” बाल्या ओरडला. “घरचं मॅटर हाय! ही माझी आत्येबहीण हाय, शीतल! कनेरगाव नाक्याची! सांग ना गं शीतल!” आणि त्यानं धीर द्यायला तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग शीतलनं गॉगल काढला. मोजे काढले. आणि गुलाबी स्कार्फ एकेक वेढा करत सोडला. खालून मिशा बाहेर आल्या, जरा चपट्या झालेल्या, पण त्याच.

माझ्या कॉलरवरचा हात आपोआप सुटला. बाल्याचा हात मात्र खांद्यावरच राहिला. तो काढायचा असतो हेच तो विसरला होता.

“पोरगं माझं हाय,” आप्पा गर्दीला म्हणाले. “ऊन बाधतं म्हून बांधलं. कुणाला काय इचारायचंय?”

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. हमाल आभाळाकडं बघू लागले. पिराजीमामा सवयीनं म्हणाले, “आप्पा, रस घेता का?”

आप्पांनी बाल्याकडं मान वळवली. “बालाजी, मी तुझी आत्येबहीण कवापासून?”

बाल्या म्हणाला, “पंधरा दिस झाले असतील.”

सगळा उलगडा संध्याकाळी घरी झाला. दुकानाच्या मालकाची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिची स्कूटी पडून होती आणि डिकीत स्कार्फ, सनकोट, गॉगल, मोजे असा सगळा सरंजाम. आप्पांना रोज दुपारी बायपासवरच्या गोदामावर जावं लागे. मोटारसायकलवर स्कार्फ बांधला तर गाडीवरून लोक ओळखणार, स्कूटीवर कोण ओळखतंय? हिशेब बरोबर होता. फक्त वाटेत मी लागत होतो.

“रोज बघतो तुला रसवंतीवर!” आप्पा गरजले. “हात दाखवला, घरी ये मंग सांगतो म्हून! तर हे हसतंय! अन् घरी येऊन म्हणतंय, ॲसिड!”

“मंग तवाच काहून बोलले न्हाई?” आईनं विचारलं.

आप्पा चपट्या झालेल्या मिशांना पीळ देऊ लागले. आई पदर तोंडाला लावून आत गेली, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचे आवाज येत राहिले. भांडी पडत नव्हती. ती हसू दाबण्यासाठी पाडली जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्या दारात उभा. मी बाहेर आलो. दोघंही चपलांकडं बघत राहिलो.

“मला म्हाईतच नव्हतं कोण हाय ते,” बाल्या म्हणाला. “पहिल्या दिवशी तोंडातून गेलं. मंग तू एवढा खूश झाला की मागं फिरता येईना.”

“अन् ते निरोप? मनानं चांगला हाय, नशीब लागतं, ते?”

बाल्यानं अंगठ्यानं माती उकरली. “ते माझंच म्हणणं व्हतं,” तो म्हणाला. “शीतलच्या नावानं सांगितलं. तसं तोंडावर कसं बोलायचं?”

मी म्हणालो, “चल, क्लासला उशीर होऊन राहिला.” एवढ्या दिवसांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

रसवंतीकडं न बघता आम्ही थेट वर्गात जाऊन बसलो, पुढच्या बाकावर. सरांनी चष्म्यावरून आमच्याकडं बराच वेळ पाहिलं. हजेरी घेतली. तीत आमची नावंच नव्हती.

“एवढे दिवस कुठं होतात?” सरांनी मला उभं केलं.

बाल्याला उत्तर सुचलं होतं, पण मी त्याचा पाय दाबून धरला.

“ते काही नाही,” सर म्हणाले. “उद्या वडिलांना घेऊन ये, तरच वर्गात बसायचं.”

मी हात जोडले आणि कळवळून विचारलं, “सर, आईला आणलं तर चालंल का?”