मेहुण्याच्या दोनशे चकत्या

चेकरने मेहुण्यावर सूड उगवला, ही कुजबुज आमच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत सुरू झाली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला हातपाय फुटले. चेकरची बायको आजारी असताना हा तिचा सख्खा भाऊ एकदाही हॉस्पिटलात फिरकला नव्हता. ती जाऊन चार महिने झाले, आणि आता चेकरने त्याच्या दोनशे चकत्या एका दमात नापास केल्या. खोटं कशाला बोलू, तिखटमीठ लावणाऱ्यांत मीही होतो.

चेकर तसा कधीच बडबड्या नव्हता. पण बायको गेल्यापासून त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली असायची. कुणी सांगितलं तर तो खाली बघे, "हो" म्हणे आणि तशीच ठेवी. विनोद सांगावा, तर हसायचं की नाही हे ठरेपर्यंत भोंगा होई. हात मात्र चोख चालत.

मेहुणा ड्रिल मशीनवर. बोलण्यात तरबेज, कामात घाईचा. साहेबांनी त्याला बजावलं होतं, "आणखी एक लॉट बाद झाला की घरी बसायचं." म्हणून त्या दिवशी तो चेकरच्या टेबलाला चिकटून उभा होता. आणि आम्ही? आम्हाला सगळ्यांना नेमकं तेव्हाच तिथे काम निघालं.

चकतीला मध्ये एक मोठं भोक, भोवती सहा लहान. गेजवर, म्हणजे तपासायच्या साच्यावर, तशाच सात खुंट्या. सातही एकदम बसल्या तर माल पास. मधलं भोक मधल्या खुंटीपेक्षा जरा सैल झालं, तर चकती थोडी सरकते. तेवढी सरकवायची सूट मालाच्या ड्रॉइंगमध्ये दिलेली होती.

चकती अडली.

"भाऊजी, हलवून बघा ना! सूट आहे की!"

चेकरने चकती उजवीकडे सरकवली. डावी खुंटी बसली, उजवी अडली. डावीकडे सरकवली. उजवी बसली, डावी अडली.

"अहो, मी एकेक भोक मोजलंय. प्रत्येकाला ती सूट धरली की सगळी बसतात."

"सूट अख्ख्या चकतीला आहे. एका भोकासाठी इकडे सरकवली, की समोरच्याचं बिघडतं. सगळी एकत्रच सरकतात."

"केसभराचा तर फरक आहे! ताईसाठी तरी..."

"ताई गेली," चेकर म्हणाला. माप सांगावं तसा. आणि पुढची चकती उचलली.

त्याने दोनशेच्या दोनशे तपासल्या. प्रत्येक दोन्हीकडे सरकवून पाहिली आणि प्रत्येकीवर लाल रंगाचा फराटा मारला. मेहुणा शेवटपर्यंत उभा होता. संध्याकाळी त्याने कपाट रिकामं केलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी खोचकपणे विचारलंच, "काय चेकर, राग निघाला का एकदाचा?"

त्याने गेजवरून मान वर केली. "कसला?"

खरंच विचारत होता. मग मीच एक चकती गेजवर घालून पाहिली. समोरासमोरची दोन भोकं बाहेरच्या बाजूला, एकमेकांच्या उलट दिशांना गेली होती. चकती एका वेळी एकाच दिशेला सरकते. माल खराब होता, म्हणून नापास झाला.