मोसंबीच्या मापाचं टोपडं

कोथरूडहून निघताना सत्यशीला सिस्टर पिशवीत शिवणाची टेप टाकत आणि ड्यूटीआधी मंडईत उतरून मोसंबी मोजत. पंचवीस सेंटिमीटरचा घेर हवा. दशरथ फळवाला दरवेळी विचारी, "बाई, ब्लाउज शिवायचाय का मोसंबीला?"

"टोपडं," म्हणून त्या पुढची मोसंबी उचलत.

त्यांचा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग निळसर उजेडात बुडालेला असे. अपुऱ्या दिवसांची बाळं काचपेटीत; नाकाशी हवेची नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. दाब नीट असला की बाटलीत बुडबुडे येत. वाशिमकडे, माहेरच्या विहिरीत घागर बुडताना अगदी असाच आवाज यायचा. वीस वर्षं तो ऐकून सत्यशीलाबाईंना कधी कधी वाटे, सगळा वॉर्डच विहिरीच्या तळाशी आहे आणि ही एवढीएवढीशी माणसं पाण्याखाली श्वास घ्यायला शिकताहेत.

त्या दुपारी अस्मिता नावाच्या बाळंतिणीच्या बाळाची बाटली गप्प झाली.

पाच दिवसांची मुलगी. वजन किलोभरही नाही, बारसं व्हायचंय. आधी तिच्या नाकपुड्यांत दोन आखूड नळ्या होत्या. त्या पक्क्या बसत, पण मधली त्वचा लालभडक झाली. म्हणून सकाळी मास्क लावला. मास्क मऊ, पण तो बांधतात टोपड्याला, आणि टोपडं ढिलं असलं की हवा निसटते.

डॉक्टर केयूर नळ्या आणि मास्क यांची तुलना करणारा तक्ता ठेवत. तो बाजूला टाकून त्यांनी मास्क हातानं दाबून धरला होता. "नळ्या परत लावल्या तर नाक सोलेल. अर्ध्या तासात हा बसला नाही, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर. एवढ्याशा फुप्फुसांना ते नको होतं, सिस्टर."

सिस्टर टोपडं घेऊन बाहेर आल्या. बाकावर अस्मिताची आई, मांजरी गावच्या सुंदराबाई बसल्या होत्या. बारशाआधी बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, म्हणून जुन्या लुगड्याचं टोपडं त्यांनीच शिवलं होतं. बाळाच्या डोक्याचं माप म्हणून सिस्टरांनी दिलेली मोसंबी अजून त्यांच्या ओटीत होती.

सिस्टरांनी टोपडं मोसंबीवर चढवलं. मोसंबी आत दिसेनाशी झाली.

"आजी, हे काय?"

"वाढत्या अंगाचं शिवलंय. पोर वाढनार न्हाय व्हय?"

"वाढेल की. तेव्हा दुसरं शिवा. हे आजच्यापुरतं हवंय, आत्ता."

सुंदराबाईंचा चेहरा उतरला. "माज्यामुळं झालं?"

सिस्टरांनी हातमोजे आणि आतला स्वच्छ सुईदोरा पुढे केला. म्हातारीनं मोसंबीवर ताणून दोन्ही बाजूंना टाके घातले. टाका सरळ होता.

टोपडं बसलं. पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांनी हात हळूच काढला.

बाटली गप्प. मग तळाशी एक बुडबुडा सुटला, त्याच्यामागे दुसरा, आणि घागर भरू लागावी तसा आवाज एकसारखा लागला. काचपेटीतली इवलीशी छाती त्या तालावर हलली.

सिस्टरांनी दार वीतभर उघडलं. "ऐका."

सुंदराबाईंनी कान लावला. "ही बाटली आमचीच?"

"तुमचीच."

त्या परत बाकावर बसल्या, मोसंबी मांडीवर घेतली आणि गार वारा लागू नये म्हणून तिच्यावर पदर ओढला.