पौषाचा बहाणा

मुलांनो,

मागच्या रविवारी तुमच्यापैकी एकीने फोनवर मला एका आजाराचं नाव सांगितलं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. तुमच्याकडच्या डॉक्टरांनी तिला ते नुकतंच सांगितलं होतं. मग तिने लक्षणं वाचून दाखवली आणि विचारलं, "आजी, आपल्या घरात कुणाला होतं का हे?" इकडे माझ्याजवळ बसून तुमची आईही ऐकत होती. ती गप्प झाली. मी म्हटलं, लिहून कळवते. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे, आणि फोनवर क्रम राहत नाही.

मला होतं. निदान वाचून दाखवलेल्या लक्षणांतलं एकही मला अनोळखी वाटलं नाही. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. अकोल्यात लोक म्हणत, कारकुनाची बायको तापट आहे. कुणी म्हणत, फार शिकली म्हणून असं झालं.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले. मी बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. तुमचे आजोबा सरकारी शेतीखात्यात कारकून. माणूस शांत, आणि तेच मला खुपे. एवढं शांत कोण असतं? ऑफिसातून यायला त्यांना जरा उशीर झाला की माझी खात्री होई, हे आता परत येणार नाहीत. मी ट्रंक भरून ओट्यावर बसे. ते आले की मीच त्यांना घराबाहेर काढे, आणि थोड्या वेळाने दार उघडून त्यांच्या पायाशी रडे. ते फाटकापाशी कुणाशी हसले, तर ते हसणं माझ्यावरच आहे असं वाटे. शेजारीण दुपारी आली नाही तर तिचं काहीतरी शिजतंय. आली तर काहीतरी काढून घ्यायला आली. सकाळी जी बाई मला देवासारखी वाटे, तिला संध्याकाळी मी ओळख दाखवत नसे. आणि यातलं कुणीच जवळ नसलं की मी कोण आहे हेच मला कळत नसे. रिकाम्या मडक्यात वारा घुमावा तसं आत होई.

तुमची आई जन्मली, त्यानंतर हे वाढलं. ती सहा-सात महिन्यांची असताना एका दुपारी मी स्वतःला इजा करून घेतली. फार नाही, पण रक्त तिच्या दुपट्यावर सांडलं. आजोबांनी तार केली. माझी माय अमरावतीहून आली, लेकराला उचललं आणि अमरावतीला परत जायला बडनेऱ्याच्या गाडीत बसली. तो पौष महिना होता. हे लक्षात ठेवा.

पुढचं वर्षभर मी एका डॉक्टरीणबाईंकडे जात असे. दर मंगळवारी, त्यांचा दवाखाना संपल्यावर. आजोबांनीच ते ठरवलं होतं, म्हणून त्या बाई माझ्या गोष्टी त्यांना सांगत असणार, हे मी धरूनच चालले होते. एकदा मी बाईंना नको ते बोलले आणि कितीतरी मंगळवार फिरकले नाही. परत गेले तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मागचं बोलणं कुठे थांबलं होतं तिथून सुरू केलं. याचाही मला संशय आला. फुकट एवढा चांगुलपणा कोण करतं?

मी त्यांना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "छान. हे तुम्ही बसून विचारलंत. असंच विचारत जा."

त्यांनी मला दिलेलं औषध एवढंच. संशय आला तर तो गिळायचा नाही आणि अंगावर फेकायचाही नाही. हातात काम घेऊन बसायचं आणि सरळ विचारायचं. उत्तर काहीही आलं, तरी हातातलं काम पुरं झाल्याशिवाय बोलायचं नाही. मी शेंगा सोलताना विचारू लागले, गहू निवडताना विचारू लागले. आजोबांना फार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. बहुतेक वेळा संशय खोटा निघे. हळूहळू ट्रंक माळ्यावर गेली.

वर्ष संपत आलं तेव्हा मला लेक परत हवी होती. ती आता चालत होती आणि माझ्या मायलाच माय म्हणत होती. मी मायला निरोप धाडला की संक्रांतीला येते, तिला घेऊन जाते, यंदा बोरन्हाण अकोल्याला करू. लहान लेकराला हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात, ते बोरन्हाण. मागच्या वर्षी तिचं ते माझ्याविना झालं होतं. मायचं उत्तर आलं: पौषात लेकरू घर बदलत नाही, पौष सरू दे.

आमच्याकडे पौष भाकड महिना. त्यात नवं काही करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. वर्षभरात अकोल्यात कुणी माझ्याविरुद्ध कट करत नव्हतं, हेही पटत आलं होतं. पण गेल्या वर्षी तिला नेलं तेही पौषातच ना? तेव्हा महिना आडवा आला नव्हता. मी आजोबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते, आणि पान उलटत नव्हते.

मी एकटीच अमरावतीला गेले. मायच्या घरात पाऊल टाकलं आणि लेक तिच्या पदराआड गेली. माय नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. अचलपूरच्या आत्याचं सांगितलं, कापसाच्या भावाचं सांगितलं, आणि लेकीचं नाव काढलं की काही तरी आणायला उठून गेली. रात्री मी जागीच होते. आजार म्हणायचा तो हाच, मी स्वतःला सांगत होते. पण आजारी माणसाला कधी खरंही दिसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिळाचे लाडू वळायला बसलो. गुळाचा पाक उतरवला, तीळ-दाणे टाकले, हाताला तूप लावलं. पाक गरम आहे तोवरच लाडू वळतो, थंड झाला की दगड. हात भाजत होते. मी मान खाली घालून विचारलं,

"माय, पौष खरा हाय का बहाणा?"

मायशी मी वऱ्हाडीच बोलत असे. मायचे हात थांबले नाहीत. दोन लाडू ताटात पडले.

"बहाणाच हाय. मी अन् जावयानं ठरोलं."

"काहून?"

"मले भेव वाटते, पोरी. तू लेकराले घेऊन जाशीन. एखाद्या दिवशी जावयाले यायले उशीर झाला, त मंग? तुहं काई बी होवो, मी पाहीन. पण ते लहान हाय."

म्हणजे माझा संशय खरा होता. वर्षभर खोटे निघणारे सगळे संशय एका दमात उठून उभे राहिले. आजोबा, डॉक्टरीणबाई, माय, सगळे. परातीतलं सगळं अंगणात भिरकावून द्यावं आणि लेकराला उचलून टेसन गाठावं, एवढंच डोक्यात होतं. पण परातीत पाक होता. मी वळत राहिले. मायही वळत राहिली. लेक दारात बसून तीळ वेचून खात होती. शेवटचे लाडू खडबडीत झाले, कारण पाक आळला होता. परात खरवडून झाली, मी हात धुतले आणि परत येऊन बसले.

"भेव कशानं जाईन, ते सांग," मी म्हटलं.

मायने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नाटक करते आहे का, हे ती पाहत होती. तो पाहण्याचा प्रकार मी चांगला ओळखत होते. माझाच होता तो.

"मी संग येतो," ती म्हणाली. "माघ लागू दे. रथसप्तमीच्या आत बोरन्हाण तुह्या घरी करू. मी पाहतो, मंग ठरवतो."

घरी येऊन मी आजोबांना गहू निवडताना विचारलं, मला का सांगितलं नाही. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" मी आधी सूप भरलं. मग म्हटलं, "गेल्या वर्षी नाही. यंदा ऐकलं असतं." ते म्हणाले, "मग यंदा माझं चुकलं." त्यावर पूर्ण विश्वास बसायला मला बरेच दिवस लागले.

माघात माय लेकीला घेऊन आली. बोरन्हाणाच्या संध्याकाळी बायका-पोरं जमली, लेकीला हलव्याचे दागिने घातले, आणि आजोबांचा पत्ता नव्हता. दिवे लागले तरी आले नाहीत. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माय भिंतीला टेकून फक्त माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, यांनी मिळून ठरवलं असेल. मुद्दाम उशीर, माझी परीक्षा. हे मी मायजवळ बसून तिच्या कानात विचारलं. हातात बोरं निवडायला घेतली होती.

"नाई वं," ती म्हणाली. "मलेच धाक लागला आता."

बोरं निवडून झाली. मायने सोबत आणलेल्या पितळी शेराच्या मापात मी ती भरली आणि लेकीच्या डोक्यावरून ओतली. पोरं तुटून पडली. लेक आधी दचकली, मग हसली, मग एक बोर उचलून मला दिलं. आजोबा नंतर आले, धुळीने माखलेले. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या रेल्वे फाटकावर अडकल्या होत्या, सगळा रस्ता बंद. मी त्यांना काही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी माय एकटीच गाडीत बसली. जाताना म्हणाली, माप राहू दे तुह्यापाशी.

त्यानंतरही मी पुष्कळदा बिघडले. मंगळवार आणखी कित्येक वर्षं चालले. बरं होणं एका दिवसात झालं नाही, आणि तुझंही होणार नाही, बाळ. पण लेक पुन्हा कुणी नेली नाही. ती म्हणजे तुमची आई. फोनवर ती का गप्प झाली, हे मी तिला आज दुपारी भाजी निवडताना विचारणार आहे.

संशय अजून येतो. पितळी माप स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, तांदूळ मी त्यानेच मोजते.