वाचतील न्हवं, डॉक्टर?

वॉर्डातले किस्से कुणी जमवायला जात नाही, ते आपोआप साठत जातात. पेशंट घरी जातो किंवा जात नाही, पण त्याच्या माणसांनी दारात अडवून विचारलेला प्रश्न आपल्यापाशीच राहतो. आमच्याकडं तो बहुतेक एकच असायचा. "वाचतील न्हवं?"

ऐंशी साल उलटल्यावर मी बेळगावातल्या एका लहान हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागले. मेंदूत रक्तस्राव झालेले पेशंट आमचे वरिष्ठ बघायचे. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. आधी टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, श्वास बघायचा आणि अंदाज बांधायचा. मग सीटी स्कॅन आला. आमच्याकडं नव्हे! पेशंटला गाडीत आडवं घालून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं आणि फिल्म घेऊन परत यायचं. तरी सरांना वाटलं, आता अंदाज संपले, आता दिसणार.

*

पहिल्या दिवसांतली गोष्ट. खानापूरकडचे एक आप्पा शेतात कोसळले होते. सरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. थोरल्या मुलाला वाटत होतं, रक्त काळं दिसणार. सर म्हणाले, ताजं रक्त यात पांढरं दिसतं, आणि त्यांनी डाग दाखवला. शेंगदाण्याएवढा.

"एवढाच? मग घोर मिटला," म्हणून तो बाहेर पळाला. आईला सांगून मोकळाही झाला. कुणीतरी चहा सांगितला.

डाग लहानच होता, पण मेंदूच्या बुडाशी होता, जिथून श्वास चालतो तिथं. सरांनी मुलाला परत आत बोलावून समजावलं. त्यानं दाराबाहेर आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "आईला मी सांगून बसलोय. आता तुमीच चला."

सर त्याच्याबरोबर बाहेर गेले. आप्पा दिवस मावळायच्या आधी गेले.

*

टिळकवाडीतले एक वकील. त्यांची फिल्म चांगली होती. रक्ताची गाठ लहान, मेंदू मधल्या रेषेवरून जरासुद्धा सरकलेला नाही. सरांचा चेहरा खुलला. वकिलांच्या बायकोला बातमी द्यायला ते निघालेच होते, तेवढ्यात मी पेशंटच्या डोळ्यांवर टॉर्च मारला. एक बाहुली मोठी झालेली, उजेडाला हलत नव्हती. वाटेत गाडीतच रक्त वाढलं होतं.

सर दारातच थांबले. हातातल्या फिल्मकडं बघून म्हणाले, "ही सकाळची आहे. माणूस आत्ताचा आहे."

वकील दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर सर कुणाचीही फिल्म पेशंटला तपासल्याशिवाय पाकिटातून काढत नसत.

*

निपाणीच्या गंगूबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. त्यांची गाठ मोठी होती, आणि रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरलं होतं. हे लक्षण वाईट. सरांनी मुलाला, रमेशला, बाजूला घेऊन सांगितलं की आशा फार थोडी आहे, पाहुण्यांना कळवून ठेवा. पाहुणे आले, थांबले, कंटाळून परत गेले. गंगूबाई राहिल्या!

काही महिन्यांनी रमेश त्यांना दाखवायला घेऊन आला. त्याचा हात धरून बाई चालत आल्या. सर खुर्चीतून उठले. आम्ही सगळे हसत होतो, रमेश सोडून.

"वाचली व्हय," तो म्हणाला. "पर मला वळखत न्हाय. मला दादा म्हणती, तिच्या भावाला म्हणायची तसं. वाचंल काय, एवढंच मी इचारलं. तुमीबी तेवढंच सांगितलं."

 पुढं सर नातेवाइकांना आपणहून दोन गोष्टी सांगायला लागले. वाचतील का, आणि वाचले तर कसे वाचतील. दुसरी सांगताना त्यांचा आवाज उतरायचा.

*

खासबागेतले एक मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. त्यांची गाठ डाव्या बाजूला होती, बोलण्याच्या जागेवरच. सरांनी त्यांच्या बायकोला दोन्ही गोष्टी सांगितल्या. जीव वाचेल, पण बोलण्याची आशा धरू नका.

बाईंना सगळे आक्का म्हणत. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. लग्न झाल्यापासून घरात कन्नडचा शब्द काढायचा नाही, ही मास्तरांची शिस्त. आक्कांचे भाऊ यायचे तेव्हा मास्तर "मला समजत न्हाय" म्हणून वर्तमानपत्र उघडून बसत, आणि आक्का दोन्हीकडचं भाषांतर करत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, मास्तरांच्या उशाशी बसून.

बरेच आठवडे मास्तर नुसते बघत पडून असायचे. एका दुपारी मी त्यांचं ब्लडप्रेशर घेत होते. त्यांनी आक्कांकडं मान वळवली आणि स्वच्छ म्हणाले, "नीर कोडु." पाणी दे.

आक्का जागच्या हलल्या नाहीत. पाणी मीच दिलं आणि सरांना बोलावून आणलं. सरांनी मराठीत नाव विचारलं. मास्तरांचे ओठ हलले, घाम फुटला, शब्द आला नाही. मग सरांनी तेच कन्नडमध्ये विचारलं. मास्तरांनी नाव सांगितलं, गल्ली सांगितली, आणि आक्कांना जेवलीस का म्हणून विचारलं. सगळं कन्नडमध्ये, बैलहोंगलच्या हेलात.

सरांनी फिल्म काढून पुन्हा खिडकीशी धरली. बघून झाल्यावर त्यांनी आक्कांना विचारलं, मास्तरांना एवढं चांगलं कन्नड येतं?

आक्का मास्तरांच्या तोंडाजवळ चमचा धरून बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मला तरी कुठं म्हाईत होतं," त्या म्हणाल्या.