ताईच्या दारावरचा लाल टॅग

बाकीचं पान नंतर वाचा, आधी हे ऐका. मले आजच सांगायचं आहे, पाच आठवडे झाले मी दात खाऊन गप्प बसली आहे. माझी ताई गेली. प्रणिता. काउन्सेलिंगच्या ॲपवर तिचं एवढंच नाव होतं, आडनाव नाही, गाव नाही. भिलाईच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून ती लॅपटॉपवर लोकांचं ऐकायची. काउन्सेलर होती... कोणाचं लग्न मोडून राहिलं, कोणाची नोकरी सुटली, कोणी नवऱ्यामागे परक्या शहरात जाऊन एकटी पडली. डेंग्यूनं सहा दिवसांत नेलं तिले. एकोणतीस वर्षांची होती. आणि मी मराठीत कावून लिहून राहिली, तर त्याचं पण कारण आहे. इथं आम्ही घराबाहेर हिंदीच बोलतो, मराठी फक्त घरात, लिहायची तर सवयच नाही. चुका असल्या तर असू द्या. पण ज्या बाईले मले हे सांगायचं आहे, ती मराठी आहे. तिचं नाव मले माहीत नाही.

आधी ताईचं काम सांगते, कारण लोकांना ते काम वाटतच नव्हतं. सायकॉलॉजीत एमए केलं, ट्रेनिंग केलं, तरी जवळच्या उतई गावाहून काका आले की पहिला टोमणा तोच, "काय वं पागलांची डॉक्टरीण, आज किती लोक सुधरवले?" शेजारच्या काकू आईले विचारत, "पोरगी दार लावून दिवसभर कोणाशी बोलते वो?" आणि आमचे बाबा, स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मेंटेनन्सले, ते म्हणत, "बोलणं काय काम असते का? बोलते तर तुझी आई पण दिवसभर." आई स्वयंपाकघरातून ओरडे, "मंग मले पगार लावा!" आम्ही सगळे हसत. ताई पण हसे. त्या हसण्याचा मले आता एवढा राग येते ना... माझ्या पण हसण्याचा.

खोली म्हणजे काय, गाद्यांचा ढीग, पिठाचा डबा आणि कूलर. ते कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तिनं मागं दोरीवर पिवळी चादर टांगली होती. एकदा बाबा रातपाळी करून आले होते, दुपारी झोपेतून उठले आणि बनियनवरच धाडकन तिचं दार उघडून ओरडले, "चहा कोण करून राहिलं?" स्क्रीनवरचं माणूस तेव्हा रडून राहिलं होतं. त्यानं कॉलच कापला. संध्याकाळी जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही आज मिल चालू केली. आत माणूस होता."

बाबांचा घास हातातच राहिला. मिलमध्ये कोणी दुरुस्तीले मशीनच्या आत उतरलं की स्विचवर लाल टॅग लावतात, 'आदमी काम पर है, मत चलाओ'. आतला माणूस बाहेर आल्याशिवाय तो निघत नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, साहेब आला तरी दुसऱ्यानं हात नाही लावायचा. दुसऱ्या दिवशी बाबांनी तसाच एक जुना टॅग सुतळी बांधून ताईच्या हातात दिला. "घे. सेशन असलं की कडीले लाव." त्या दिवसापासून टॅग म्हणजे टॅग. कुकर बंद, टीव्ही बंद, काका आले तर त्यायले बाहेर ओट्यावर चहा.

ताईचा स्वतःचा पण एक नियम होता. प्रत्येक नव्या माणसाले पहिल्याच दिवशी सांगे, मी न सांगता जाणार नाही. सुट्टी असो, काही असो, आधी सांगीन. मी एकदा म्हणलं, एवढं काय त्यात? तर म्हणे, "अवं, माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना कोणी ना कोणी न सांगताच सोडून गेलेलं असते."

त्या मंगळवारी तिचं अंग तापलं होतं. मी म्हणलं, "कॅन्सल कर ना ताई." "नको वं, तिचं आज महत्त्वाचं आहे." बस, एवढंच. टॅग लावला, साडेचारले बसली. मी पाण्याचा गिलास घेऊन दाराबाहेर उभी होती. पाचच्या आसपास आतून आवाज आला, "दोन मिनिटं थांबा हं, मी आलेच." दार उघडलं, आणि ती माझ्या अंगावरच पडली. आम्ही तिले घेऊन दवाखान्यात पळालो. लॅपटॉप उघडाच राहिला.

दवाखान्यात शुद्ध आली की एकच बोलणं, "माझ्या लोकांना सांग. तिले आधी सांग." मी हो म्हणलं. घरी येऊन लॅपटॉप पाहिला. मेसेज मी उघडले नाही, ताईनं मारलं असतं मले, पण त्या बाईची वरच्या वर एकेक ओळ दिसतेच ना... "ताई, आहात का?" मग, "नेट गेलं का?" मग दुसऱ्या दिवशी, "मी काही चुकीचं बोलले का?"

मी न उघडताच तिथं उत्तर टाइप केलं तर ते जाईच ना, सेशनबाहेर काउन्सेलरकडून मेसेज जात नाही म्हणे. ताई गेल्यावर मी ॲपवाल्यांना फोन लावला. म्हणलं, मले नाव नको, नंबर नको, तुम्हीच सांगा त्यायले. फोनवरची पोरगी एकदम गोड आवाजात, "मैम, यूज़र्स को हम नेगेटिव न्यूज़ नहीं देते, उनकी जर्नी डिस्टर्ब होती है. उन्हें नया काउंसलर असाइन हो गया है."

"तो बताया क्या उनको?"

"यही कि आपकी काउंसलर अब अवेलेबल नहीं हैं."

अवेलेबल नाही! माझी ताई मेली आणि हे म्हणतात अवेलेबल नाही! मी ओरडली, हिंदीत जेवढं येते तेवढं सगळं ओरडली. तिनं होल्डवर टाकलं, बासरी वाजली, फोन कटला. घंट्याभरात ताईचं लॉगिन पण बंद. लोकांचं दुःख ऐकायची कंपनी, आणि आपल्याच माणसाचं मरण सांगायची हिंमत नाही? बाबा सगळं ऐकून राहिले होते. म्हणाले, "आमच्याकडं पाळी बदलली तरी पुढच्याले सांगून जावं लागते, काय चालू आहे, काय बिघडलं आहे. ह्यायनं टॅग तोडला वं. आत माणूस असताना."

तेरवीच्या दिवशी पाहुण्यांसाठी गाद्या काढायच्या म्हणून काका खोलीकडं गेले आणि टॅग सोडू लागले. "आता कोण आहे आत?" बाबा आयुष्यात त्यायच्यावर ओरडले नव्हते. "हात लावू नको त्याले!" "ज्यानं लावला त्यानंच..." म्हणत त्यायनं सुतळीची गाठ परत आवळली.

टॅग अजून कडीलेच आहे. आत पिवळी चादर तशीच टांगलेली. परवा मी विचारलं, "बाबा, कधीपर्यंत ठेवायचा?" तर मलेच विचारतात, "आतला माणूस बाहेर आला का? तिले कळवलं का तू?"

नाही कळवलं. म्हणून हे. तुम्ही काहीच चुकीचं बोलला नाही, बाई. ती तुमाले सोडून नाही गेली, तिनं सगळ्यात आधी तुमचंच नाव... म्हणजे नाव नाही, "तिले" म्हणाली, तुमालेच. आता वाचणाऱ्या सगळ्यांना विचारते, खरं सांगा. तुमच्यासोबत झालं का असं? मंगळवारी, साडेचारच्या सेशनले, मागं पिवळी चादर असलेली एक ताई तुमाले "दोन मिनिटं थांबा हं" म्हणून उठली, आणि तुम्ही अजून थांबून राहिल्या का?